टेपमधला आवाज कुणाचा?

आपली गाठ नेहमी पडते ती कपाशीच्या बोंडअळीवरून, केळीच्या करप्यावरून, नाहीतर खताच्या हप्त्यावरून. आज विषय निराळा आहे. तुम्ही म्हणाल, कृषी अधिकाऱ्याला भुताखेतांशी काय करायचे आहे? मलाही तसेच वाटत असे. पण गेल्या महिन्यात साक्री तालुक्यात कांद्याचा प्लॉट पाहायला गेलो असताना एका तरुणाने खिशातून मोबाईल काढून मला बाजूला घेतले. आवाज हळू करून म्हणाला, “साहेब, हे ऐका. आमच्या आजाच्या मळ्यात रात्री भरलंय. आजा बोलतोय.”

मी ऐकले. खरखर होती, मध्येच काहीतरी गुरगुरल्यासारखे होते. आजोबा वारून सव्वा महिना झाला होता. पोराच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून मी हसलो नाही. हसण्याची चूक मी एकदा केली आहे आणि ती मला महागात पडली आहे. ती गोष्ट सांगतो, म्हणजे टेपमधल्या आवाजांची भानगड काय असते ते समजेल.

१९९७ सालची गोष्ट

तेव्हा मी चोपडा तालुक्यात कृषी सहाय्यक होतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलो होतो आणि सातपुड्याच्या पायथ्याची सात-आठ गावे माझ्याकडे होती. त्यांपैकी एका गावात (नाव सांगत नाही, माणसे अजून आहेत) पावसाळ्याच्या तोंडी एक एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीवरच्या स्टार्टरला चिकटून गेला. रात्रीची वीज, ओले पाय, पेटीला अर्थिंग नाही. जाता जाता सांगतो, आजही माझ्या फिरतीत दहा पेट्या पाहिल्या तर निम्म्यांची अर्थिंगची तार तुटलेली असते आणि पेटीखाली कोरडी लाकडी फळी नसते. फळीला काय पैसे पडतात?

मुलगा गेला, दिवसकार्य झाले. पुढच्या अमावास्येला मुलाच्या मामाने मळ्यातल्या खोपीत टेपरेकॉर्डर लावून ठेवला. असे केले की गेलेल्या माणसाचा आवाज भरला जातो, असे त्याला सुरतेला गिरणीत काम करताना कुणीतरी सांगितले होते. सकाळी कॅसेट वाजवली, तर खरखरीच्या मागे एक आवाज. दोन वेळा, तीन वेळा लावला. आईने ओळखला. तिने टेपवर डोके ठेवले आणि उठेचना.

मी ठिबकच्या अनुदानाचे कागद घेऊन त्या घरी गेलो तेव्हा बाई ओसरीवर टेप मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, “आयका साहेब, मना पोऱ्या बोली राहिना.” मी तरुण होतो, पदवीचा ताठा होता. मी हसलो आणि म्हणालो, “माय, हा सेल उतरल्याचा आवाज आहे.” ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून त्या घरात मला पाण्याचा तांब्या मिळाला, पण शब्द मिळाला नाही. आणि पुढे जे घडले ते मला पंधरा दिवस कळलेच नाही, कारण मला कुणी सांगितले नाही.

घडले ते असे. कॅसेट भगताकडे गेली. भगताने ती ऐकून सांगितले की पोरगा म्हणतो आहे, “काकूनी मारं.” अहिराणी न येणाऱ्यांसाठी सांगतो, याचा अर्थ काकूने मारले. मुलाची चुलत काकू विधवा होती, शेजारीच राहत होती आणि दोन्ही घरांत बांधावरून जुनी कुरबूर होती. झाले! तिला सामाईक विहिरीवर येऊ देईनात. तिच्या पोरीशी शाळेत कुणी बोलेना. रात्री पत्र्यावर दगड पडू लागले. आपल्याकडे पायथ्याच्या गावांत आणि वर पाड्यांवर “डाकीण” हा शब्द एकदा बाईला चिकटला की काय होते ते मी लिहायला नको. मारहाण झाली आहे, गाव सोडावे लागले आहे, जीवही गेले आहेत. आणि येथे पुरावा म्हणून हातात काय होते? एक कॅसेट. ती कुणीही लावावी आणि ऐकावी. म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. भगताच्या अंगात येणे वेगळे, यंत्र कसे खोटे बोलेल?

हे वेड आपल्याकडचे नव्हे

त्या वेळी मला वाटले होते की ही सुरतेहून आलेली खुळचट कल्पना आहे. पुढे मी वाचू लागलो तेव्हा कळले की हे मोठ्या शिकलेल्या, श्रीमंत देशांतले वेड आहे. स्वीडन देशात फ्रीडरिश युर्गेन्सन नावाचा चित्रकार होता. १९५९ साली तो आपल्या गावाकडच्या घरी पक्ष्यांचे आवाज टेपवर भरत होता. टेप परत लावला तेव्हा पक्ष्यांच्या जोडीला त्याला माणसाचे बोलणे ऐकू आले. पुढे त्याला आपली मृत आई आपल्याला हाक मारते आहे असेही ऐकू आले. त्याने चित्रकला बाजूला ठेवली आणि उरलेले आयुष्य या आवाजांना वाहिले.

त्याचे पाहून कॉन्स्टँटिन राउडिव्ह नावाचा, लाटव्हिया देशातला पण जर्मनीत राहणारा विद्वान या नादाला लागला. त्याने सत्तर हजारांवर आवाज जमवल्याचा दावा केला. १९६८ साली त्याचा जर्मन ग्रंथ निघाला आणि १९७१ साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले. त्यानंतर युरोप-अमेरिकेत हजारो लोक रात्री-अपरात्री टेप लावून बसू लागले. राउडिव्हची पद्धत काय होती? कधी नुसता मायक्रोफोन ठेवायचा, कधी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर लावायचा, तर कधी टेपला एक डायोड आणि बोटभर तार जोडायची. ही शेवटची जोडणी म्हणजे जवळजवळ साधा स्फटिक-रेडिओच होय! आपणच कान उघडून ठेवायचे आणि कुणी बोलले की नवल करायचे.

आणखी एक गंमत पाहा. राउडिव्हचे मृतात्मे एकाच वाक्यात लाटव्हियन, जर्मन, स्वीडिश, रशियन अशा भाषा मिसळून बोलत. राउडिव्हला नेमक्या त्या भाषा येत होत्या. ज्याला मराठी, अहिराणी, गुजराती आणि हिंदी येते त्याला खरखरीत कोणताही शब्द सापडायला चौपट जागा मिळते. एका भाषेत बसला नाही तर दुसरीत बसतो.

फोनोग्राफ १८७७ साली बनवणारा एडिसन एवढा मोठा संशोधक, पण त्यानेही १९२० साली मुलाखतींत सांगितले होते की मृतांना आपल्याशी बोलता येईल असे एखादे नाजूक यंत्र करून पाहावे. असे यंत्र त्याच्या मागे मिळाले नाही. आणि जुन्या तबकड्यांवरचा कर्ण्यात कान घालून बसलेला कुत्रा तुम्हाला आठवतो ना? त्याचे नाव निपर. त्याचा मालक मार्क बॅरॉड १८८७ साली वारला, मग कुत्रा मालकाच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिसकडे आला आणि पुढे फ्रान्सिसने ते चित्र काढले. “मालकाचा आवाज” ऐकणारा कुत्रा. मेलेल्या माणसाचा आवाज यंत्रातून येतो ही गोष्ट माणसाला पहिल्यापासून चटका लावणारी आहे. आवाज भरून ठेवण्याची विद्या निघण्यापूर्वी माणूस गेला की त्याचा आवाज गेला, कायमचा. ही विद्या आली आणि पहिल्यांदा तो उरू लागला. मग थोडे पुढे जाऊन तो नवीनही बोलेल, असे वाटणे ही माणसाची स्वाभाविक धाव आहे. मी त्या आईला हसलो ते म्हणूनच चुकले.

बिनखताचा वाफा

काकूची हकीगत कळल्यावर मी मुलाच्या वडिलांकडे गेलो. त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. म्हटले, “आप्पा, मी हसलो ते चुकलं. पण आता एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. मला तुमच्या खोपीत तीन रात्री झोपू द्या. माझा टेप लावतो. पोराला बोलायचं असेल तर माझ्या टेपवरही बोलेल.” आप्पा भला माणूस. त्यांनी मान हलवली.

तुम्ही खताची चाचणी घेता तेव्हा मी काय सांगतो? एक वाफा बिनखताचा ठेवा. बाकी बी तेच, पाणी तेच, मशागत तीच. नाहीतर पीक खताने आले की पावसाने, हे कसे ठरवणार? तेच येथे करायचे होते. मी चोपड्याच्या बाजारातून नव्या कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी घेतल्या आणि माझा स्वतःचा टू-इन-वन घेऊन मळ्यात गेलो.

पहिल्या रात्री काय आले? टेप सुरू केला तेव्हा मळा अगदी शांत होता, पण सकाळी ऐकतो तो कॅसेटवर कारखाना चालू असल्यासारखी घरघर. याचे कारण नंतर टेप दुरुस्त करणाऱ्याने समजावले. स्वस्त टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते. कुणी जवळ बोलले की यंत्र स्वतःचा कान झाकते. कुणीच बोलले नाही की कान एवढा टवकारते की त्याला स्वतःच्या मोटारीची घरघर, तारेतली गुणगुण आणि कोसभरावरचे भुंकणे एकाच मापात ऐकू येते. म्हणजे शांततेत टेप ठेवला तर टेप शांतता भरत नाही, खरखर भरतो. आणि आत्म्यांचे आवाज नेहमी शांततेतच भरतात, हे ध्यानात घ्या.

त्याच रात्री एक घुसमटलेली किंकाळीही आली. ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. ते होते गव्हाणी घुबड, पांढऱ्या तोंडाचे. त्याचे जोडपे आप्पांच्याच पडक्या वाड्यात होते. या पक्ष्याला आपण अपशकुनी म्हणून दगड मारतो, आणि तो बिचारा रात्रभर आपल्या शेतातले उंदीर वेचतो. जस्त फॉस्फाईडवर पैसे घालवणाऱ्याने आधी घुबडाला गोठ्याच्या आढ्यावर सुखाने राहू द्यावे. कायद्यानेही त्याला संरक्षण आहे. टिटवी, पिंगळा, माळावरचा करवानक हे सारे रात्रीचे बोलके पक्षी. करवानकाची चढत जाणारी हाक अर्ध्या झोपेत ऐकली तर बाई रडते आहे असे वाटते.

दुसऱ्या रात्री शिट्टी आली, मधूनमधून, कुणी श्वास सोडावा तशी. पहाटे बॅटरी घेऊन शोधत गेलो, तर बांधाकडेची बंद पडलेली बोअर. तिच्या तोंडावर पत्र्याचे झाकण होते आणि झाकणाला फट. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात पाणी खोल गेले की वरचा मोठा थर कोरडा पडतो आणि त्यात हवा भरून राहते. बाहेर हवेचा दाब उतरला की बोअर हवा सोडते, चढला की ओढते. तिला श्वास आहे म्हटले तरी चालेल. अशा बोअरचे तोंड वेल्डिंग करून पक्के बंद करा. लहान मुले पडून गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्याबद्दल स्पष्ट आदेश दिलेले आहेत.

तिसऱ्या रात्री मात्र माणूस बोलला. अगदी हळू, पण माणूस. भाषा कळेना. दोन वाक्ये, मग खरखर, मग पुन्हा एक वाक्य. खरे सांगतो, मी कंदील मोठा केला. सकाळी विचार करता उलगडा झाला. माझ्या टू-इन-वनचा रेडिओ आणि टेप बदलणारा खटका मळला होता. तो अर्धवट लागला की रेडिओचा आवाज टेपच्या बाजूला झिरपत असे. दिवसा आमच्याकडे १९७६ साली सुरू झालेले आकाशवाणीचे जळगाव केंद्र ठणठणीत लागे. पण मध्यम लहरींचे गणित रात्री बदलते. दिवसा आकाशातला एक थर त्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावर आपटून परत येतात आणि शेकडो मैलांवरचे परके स्टेशन आपल्या खोपीत येऊन बोलते. जुन्या मंडळींना आठवत असेल, रात्री रेडिओची कळ फिरवली की कुठकुठल्या भाषा लागत. खटका साफ केला आणि चौथी रात्र काढली. माणूस गेला.

चार रात्री झाल्या. घुबड आले, बोअर आली, परका बोलणारा आला. मुलगा आला नाही. मग मी विचार केला: जागा तीच, खोपी तीच, वेळ तीच. माझ्या कोऱ्या कॅसेटवर मुलगा नाही आणि त्यांच्या कॅसेटवर आहे. तर फरक मळ्यात नाही, कॅसेटमध्ये आहे.

कान काय ऐकतो

कॅसेटकडे वळण्यापूर्वी कानाचे सांगतो, कारण अर्धी भानगड तेथे आहे. लहानपणी आपण पिठाच्या गिरणीच्या पुकपुकीत शब्द बसवत होतो. आगगाडीत बसलो की चाकांच्या ठेक्यात हवे ते गाणे ऐकू येते. ढगात मारुती दिसतो तसेच हे. डोळ्याला आणि कानाला अर्धवट वस्तू सहन होत नाही, ती तो पुरी करून घेतो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली एक तबकडी केली होती. तिच्यावर नुसते अ, आ, ओ असे स्वर हळू आवाजात पुन्हापुन्हा वाजत, शब्द एकही नाही. ऐकणारे शब्द सांगत, आणि ज्याच्या मनात जे घोळत असेल ते सांगत.

मी आप्पांची कॅसेट दोन दिवस मागून घेतली आणि तालुक्याच्या गावी सात जणांना एकेकट्याला ऐकवली. कशाची कॅसेट हे कुणाला सांगितले नाही. नुसते विचारले, “तुले काय आयकू येस?” दोघांना काहीच कळले नाही. एकाला “काका” वाटले, एकाला “आता नाही”. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, भजन आहे. दोघांनी “काकू” सांगितले. नंतर त्यांनाच बसवून मी म्हटले की यात “काकूनी मारं” असे आहे म्हणतात, आणि पुन्हा लावली. आता सातांपैकी सहांना ते स्पष्ट ऐकू आले! आणि एकदा ऐकू आले की पुसता येत नाही. मलाही येईना. भगताने लबाडी केली असे मी म्हणत नाही. त्याला बांधाचे भांडण माहीत होते, मनात नाव तयार होते, त्याच्या कानाने ते पुरे केले. त्याच्यानंतर ज्याने ऐकले त्याला आधी सांगूनच ऐकवले गेले.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला डेव्हिड एलिस नावाच्या अभ्यासकाने १९७० पासून दोन वर्षे राउडिव्हच्या आवाजांची अशीच छाननी केली आणि १९७८ साली पुस्तक काढले. तो काही शत्रू म्हणून गेला नव्हता, पण बहुतेक आवाजांना साधी कारणेच पुरतात असे त्याच्या पदरी आले. कॅनडात बारुश नावाच्या प्राध्यापकाने ८१ बैठका घेतल्या, सुमारे ६० तासांच्या टेपा भरल्या आणि २००१ साली लिहिले की इतरांनी सांगितले तसे आवाज आपल्याला मिळाले नाहीत.

मोडलेली पाकळी

आता कॅसेट. ती उलटून पाहिली तर तिच्या पाठीवरच्या दोन प्लास्टिकच्या पाकळ्या मोडलेल्या होत्या आणि एका खाचेवर कागद चिकटवला होता. तरुण वाचकांसाठी सांगतो: कॅसेटवरचे पुसले जाऊ नये म्हणून ही पाकळी मोडत. पुन्हा भरायचे झाले तर खाचेवर कागद किंवा चिकटपट्टी लावत. म्हणजे ही कॅसेट कोरी नव्हती. कुणीतरी काहीतरी जपून ठेवले होते आणि अमावास्येच्या गडबडीत त्यावर नवीन भरले गेले होते.

मामाला विचारले. तो म्हणाला, घरात पडलेली होती, घेतली. आईला मी विचारू शकत नव्हतो.

चोपड्याला बसस्टँडजवळ एक टेप दुरुस्त करणारा होता. त्याने ऐकून लगेच सांगितले, “साहेब, यावर जुनं आहे.” टेप नवीन भरताना आधी पुसणारे एक हेड असते. ते मळलेले किंवा किंचित तिरके असले तर टेपच्या रुंदीची एक बारीक कड न पुसता राहते, कुळवाची एक दिंड वर उचललेली असावी आणि तेवढ्या रेघेत तण राहावे तशी. त्याने त्याच्या मशीनचे हेड बारीक स्क्रूने केसभर सरकवले. खरखर कमी झाली आणि मागून वाजंत्री आली. मग बायकांची गाणी. मग एक तरुण आवाज, हसत, मोठ्याने: “काकू नी माय, आठे या!” काकू आणि आई, इकडे या.

दीड वर्षापूर्वीचे, मुलाच्या बहिणीचे लग्न होते ते. फोटोवाला उभा होता आणि मुलगा दोघींना फोटोसाठी बोलावत होता. पुसता पुसता वाक्याची शेपटी गेली होती. “काकू नी माय” एवढेच उरले होते आणि त्याचे “काकूनी मारं” झाले होते.

आई खोटे बोलत नव्हती. तिने आपल्या पोराचाच आवाज ओळखला होता. सेल उतरला म्हणणारा मी चुकलो होतो.

दुरुस्तीवाल्याने होते तेवढे दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दिले. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या ओसरीवर ती लावली. आप्पा होते, मामा होता, पोलीस पाटील होते, भगतालाही बोलावले होते, आणि आप्पांनी स्वतः जाऊन त्या काकूला आणले होते. वाजंत्री लागली तेव्हा कुणाला काही कळले नाही. मग तो आवाज आला आणि काकूच आधी बोलली. म्हणाली, “हाऊ ते फोटोना टाईम शे.” ती दाराशी उभी होती, ती मटकन खाली बसली. भगत चहा न घेता उठून गेला.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. विहिरीचे पाणी त्या बाईला त्याच संध्याकाळी मिळाले, पण शब्द चिकटला तो काही घरांत चिकटूनच राहिला. पुढच्या वर्षी ती पोरीला घेऊन भावाकडे शिरपूरला गेली. मला वाटते, मी पंधरा दिवस आधी ऐकून घेतले असते तर ती गेली नसती.

आताचे मोबाईल

कॅसेटी गेल्या, पण साक्रीच्या त्या तरुणाच्या हातात जे आहे ते कॅसेटपेक्षा बिलंदर आहे. मोबाईल हे बोलण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. कमी जागेत आवाज बसवताना ते येणारा आवाज माणसाच्या गळ्यातून आला असे धरून चालते. मग वाऱ्याची खरखर दिली तरी ती बोलल्यासारखी करून परत देते. शिवाय मृतांशी बोलण्याची म्हणून अॅप मिळतात. त्यांतल्या पुष्कळांत शब्दांचे तुकडे आधीच भरून ठेवलेले असतात आणि ते वाटेल तसे बाहेर टाकले जातात. वर पुन्हा क्लिप एका मिनिटात साऱ्या गावाच्या ग्रुपवर जाते आणि खाली लिहिलेले असते, “ऐका, तो अमकीचे नाव घेतो आहे.” म्हणजे आधी सांगून ऐकवणे आलेच.

अशी क्लिप तुमच्याकडे आली तर पुढे पाठवू नका. ज्याला काही ठाऊक नाही अशा तीन-चार जणांना वेगवेगळे ऐकवा आणि काय ऐकू आले ते कागदावर लिहून घ्या. त्याच जागी दुसऱ्या मोबाईलवर भरून पाहा. बोअर, पंखा, पत्रा, पक्षी यांचा माग काढा. आणि क्लिपमध्ये कुणा बाईमाणसाचे नाव घेतले जात असेल तर मात्र प्रयोग करत बसू नका, तिच्या घरी आधी जा. १९९७ साली आमच्या हातात कायदा नव्हता. आज आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अमकी करणी करते, मंत्राने गाई-म्हशींचे दूध आटवते, असे पसरवून कुणाचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी.

साक्रीच्या तरुणाला मी विचारले, “आजोबांचा जिवंतपणीचा आवाज आहे का तुझ्याकडे?” तो थांबला. मग मोबाईल चाळू लागला. बऱ्याच वेळाने एक व्हिडिओ निघाला, बैलपोळ्याचा. आजोबा बैलाच्या शिंगाला रंग लावताना पोरांवर खेकसत होते. आम्ही बांधावर बसून तो दोनदा पाहिला. ती दुसरी क्लिप त्याने पुसली की नाही, मी विचारले नाही.

आणि चोपड्याची ती आई? त्या दिवशी सगळे उठून गेल्यावर तिने मला हाक मारली. उतरवून आणलेली कॅसेट तिच्या हातात होती. म्हणाली, यावर पुन्हा कुणी काही भरू नये असे करून दे. मी चाकूच्या टोकाने तिच्या पाठीवरच्या दोन्ही पाकळ्या मोडल्या आणि मामाला बजावले की खाचेवर कागद लावायचा नाही.